अंगठा, ओटीपी आणि अमानत

जव्हार गावाच्या शेजारीच शिरपामाळ आहे. शिवाजी महाराज १६६४ च्या सुरत स्वारीवर जात असताना या माळावर त्यांचा मुक्काम झाला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना मानाचा शिरपेच दिला आणि त्यावरून माळाला हे नाव पडले, असे इथला लहानथोर प्रत्येक माणूस सांगतो. कोळी राजाच्या नावापुढे ‘शहा’ कसे काय, हा प्रश्न बाहेरून आलेले पाहुणे मला हमखास विचारतात. चौदाव्या शतकात दिल्लीच्या सुलतानाने इथल्या नेमशहांना मान्यता दिली, तेव्हापासूनचे ते बिरुद आहे, एवढे सांगून मी त्यांची समजूत घालतो. मला मात्र या कथेतली दुसरीच एक गोष्ट विचारात पाडते. एवढी फौज या डोंगरपट्ट्यातून उत्तरेला गेली आणि सुरतेला तिचा पत्ता लागला तो ती गणदेवीजवळ, म्हणजे जवळजवळ वेशीशी येऊन ठेपल्यावर. वाटेतल्या किती पाड्यांनी ती घोडी पाहिली असतील! पण बातमी पुढे गेली नाही. या डोंगरांनी ती पोटात ठेवली असे मला वाटते.

आज त्याच माळावर पोरे रील करायला जातात. सूर्य बुडताना फोटो काढतात. त्यांच्या खिशातला मोबाईल ती कुठे उभी आहेत, किती वेळ उभी आहेत, हे दर घडीला कुणाला तरी कळवीत असतो. कुणाला, ते त्यांना ठाऊक नसते. विचारावेसेही वाटत नाही.

माझे जव्हारच्या बाजारात झेरॉक्सचे, रिचार्जचे आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे छोटेसे दुकान आहे. त्याच जागेत अब्बा घड्याळे दुरुस्त करीत. मोखाड्यापासून, विक्रमगडपासून माणसे त्यांच्याकडे घड्याळ टाकून जात आणि महिन्याने, कधी सहा महिन्यांनी परत नेत. प्रत्येक घड्याळ अब्बा एका कागदी पाकिटात ठेवीत, वर नाव आणि गाव लिहीत. दुरुस्त झालेले घड्याळ चालते का हे पाहायलासुद्धा त्यांनी कधी स्वतःच्या मनगटावर बांधले नाही. ‘ती अमानत आहे’, एवढाच खुलासा ते करीत. अमानत म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती वापरायची नाही, दाखवायची नाही, मागेल तेव्हा आहे तशी परत करायची.

अब्बांच्या गल्ल्याखाली घड्याळे असत. माझ्या गल्ल्यावर लोक काय ठेवून जातात ते सांगितले तर शहरातल्या वाचकांना खरे वाटणार नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक तर झालेच. पण उघडा मोबाईलही. त्याचा पिन कव्हरच्या आत चिकटपट्टीवर लिहिलेला. एटीएम कार्डाच्या पाठीवर बॉलपेनने चार आकडे. ‘चाचा, तुम्हीच बघा काय ते’, असे म्हणून माणूस समोरच्या टपरीवर चहा प्यायला निघून जातो. तो परत येईपर्यंत त्या फोनवर बँकेचा मेसेज येतो, बायकोचा फोन येतो, कुणाचा तरी फोटो येतो. मी नजर दुसरीकडे वळवतो. पण नजर न वळवणारी दुकानेही जगात असणारच.

२०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले तेव्हापासून हे सगळे झपाट्याने बदलले. त्याआधी आमच्याकडे मोबाईल म्हणजे बोलण्याचे यंत्र होते. आणि बोलायचे तरी कुठून? रेंजसाठी टेकडी चढावी लागे. पाड्यापाड्यांत ‘रेंजचा दगड’, ‘रेंजचे झाड’ अशा जागा ठरलेल्या. कित्येक पाड्यांत अजूनही तशीच स्थिती आहे. रेंज पोहोचली नाही, पण रेंजवाचून होणारे एकही काम उरले नाही, ही आमच्या तालुक्यांची खरी अडचण आहे.

याचा अनुभव लाडकी बहीण योजनेने चांगलाच दिला. २०२४ च्या जुलैपासून महिन्याला दीड हजार रुपये देणारी ही योजना सुरू झाली, तेव्हा फॉर्म भरायला रांगा लागल्या. मग २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. बाईचा आधार क्रमांक, त्यावर येणारा ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक आणि त्यावरचा ओटीपी. कागदावर हे किती सोपे दिसते! पण दिवाळी झाली की आमच्या भागातली माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात. बाई पाड्यावर, नवरा भट्टीवर, आणि ओटीपी नवऱ्याच्या खिशातल्या फोनवर. तो फोन मुकादमाकडे चार्जिंगला लावलेला. मग मी इथून फोन लावायचा, मुकादमाने तो नंबर वाचून दाखवायचा. ओटीपी कुणाला सांगू नका, असे त्या मेसेजमध्येच लिहिलेले असते. इथे तो बाईच्या आधी मुकादमाला, मुकादमानंतर मला आणि दुकानात उभ्या असलेल्या दहा माणसांना कळलेला असे. दुसरा इलाजच नव्हता. नियम करणाऱ्याने एक माणूस, एक फोन, एक नंबर असे गृहीत धरले होते. आमच्याकडे एका फोनवर एक कुटुंब आणि कधी कधी अर्धा पाडा असतो.

अशाच गर्दीत एकदा मोखाड्याकडच्या एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले, “चाचा, मी अंगठा लावला, तो कुठं जातो?”

मी म्हणालो, “मशीनमधून सरकारकडे जातो, आजी.”

“आणि परत कधी येतो?”

रांगेतली पोरे हसली. मला हसू आले नाही. आजी कोऱ्या कागदावरचा अंगठा जाणत होती. सावकाराच्या वहीत बापाने लावलेला अंगठा परत आला नाही, जमीन गेली, हे तिने पाहिले असेल. अंगठ्याची भीती या डोंगरांत जुनी आहे. तिचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तिच्याच प्रश्नावर दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश बसले होते आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने सांगितले की खासगीपण हा माणसाचा मूलभूत अधिकार आहे. पुढच्या वर्षी, २०१८ च्या सप्टेंबरात, आधारचा निकाल आला. सरकारी लाभासाठी आधार राहिले, पण बँक खात्याला आणि मोबाईलच्या सिमला ते सक्तीने जोडता येणार नाही असे ठरले. आधारची सुरुवातही आपल्याच राज्यातली, २९ सप्टेंबर २०१० ची, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातली. पहिले कार्ड मिळाले ते एका आदिवासी बाईला. म्हणजे अंगठा पहिल्यांदा मागितला तो आदिवासीचा. तो कुठे जातो हे तिला तिच्या भाषेत कुणी समजावले का, हा प्रश्न मला त्या आजीने शिकवला.

पुष्कळ शिकलेली माणसे यावर म्हणतात, ‘गरिबाला कसले आले आहे खासगीपण? एका खोलीत दहा माणसे राहणाऱ्याला ही थेरं कशाला?’ मला हे पटत नाही. कुडाच्या झोपडीला दार नसले तरी बाहेरचा माणूस उंबऱ्याशी उभा राहून हाक मारतो, आतून ‘ये’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही, हे मी वारली आणि कोकणा पाड्यांवर पाहिले आहे. आपल्याकडेही सूरह नूरमध्ये सांगितले आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांच्या पाळतीवर राहण्यास मनाई आहे. अब्बा हजरत उमर यांचा एक किस्सा सांगत. रात्रीच्या गस्तीत त्यांना एका घरातून आवाज आला, म्हणून ते भिंत चढून आत गेले. आत माणूस गुन्हा करीत होता. पण तो उलट म्हणाला, ‘खलिफा, मी एक चूक केली, तुम्ही तीन केल्या. पाळत ठेवली, दाराने न येता भिंतीवरून आलात, आणि सलाम केला नाहीत.’ खलिफा निरुत्तर झाले आणि परत फिरले. हा किस्सा मला आता फार आठवतो, कारण फोनमधली कित्येक अ‍ॅप्स भिंतीवरूनच येतात. ‘परवानगी द्या’ असे विचारतात खरे, पण ‘नाही’ म्हटले तर अ‍ॅपच चालत नाही. दार अडवून मागितलेल्या परवानगीला परवानगी म्हणावे काय?

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा धडा आमच्या बाजारातल्या एका तरुणाला मिळाला. आईच्या औषधासाठी त्याने फोनवरून पाच हजार घेतले. अ‍ॅपने फोनबुक आणि फोटो उघडण्याची परवानगी मागितली, त्याने बटण दाबले. आठ दिवसांत दुप्पट मागणी सुरू झाली आणि मग त्याच्या फोनबुकातल्या प्रत्येकाला फोन जाऊ लागले. शाळेतल्या जुन्या गुरुजींना, होणाऱ्या सासऱ्याला, मलासुद्धा. त्याच्या बहिणीचा फोटो विकृत करून पाठवण्याची धमकी आली. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे-तिघे त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरातच नियम केला होता की कर्जाच्या अ‍ॅपने ग्राहकाचे फोनबुक, फोटो, कॉलची यादी पाहायची नाही. नियम होता. तो त्या मुलापर्यंत पोहोचला नव्हता. अ‍ॅप मात्र पोहोचले होते.

अंगणवाडीची गोष्ट याहून अवघड आहे. जव्हार-मोखाड्याचे नाव देशभर झाले ते १९९२-९३ मधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे. तेव्हापासून इथल्या मुलांचे वजन, उंची, दंडाचा घेर सतत मोजला जात आहे. आधी वहीत मोजत, २०२१ पासून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपमध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते. फोन तापतात, बंद पडतात, अ‍ॅप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. त्यानंतर १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. आईने अंगणवाडीत यायचे, सेविकेने तिचा फोटो काढायचा, तो आधारच्या फोटोशी जुळला तर पाकीट द्यायचे. सोळाव्या-सतराव्या वर्षी काढलेला आधारचा फोटो आणि दोन बाळंतपणांनंतर खंगलेला चेहरा यांत फरक पडतोच. नेटवर्क नसले तर आणखी गोंधळ. माझ्याकडे आधारचा फोटो आणि मोबाईल नंबर बदलण्याची चौकशी करायला येणाऱ्या बायांना मी विचारतो, तेव्हा त्या सांगतात, “सेविकाताई मला ओळखते, चाचा, फोन ओळखत नाही.” चोरी थांबावी, खरा आहार खऱ्या मुलाला मिळावा, हा हेतू वाईट कसा म्हणू? पण ज्या ताईने त्या बाईच्या बाळंतपणात रात्र जागून काढली, तिच्या शब्दापेक्षा यंत्राची साक्ष मोठी ठरावी, हे मनाला लागते.

आता आपल्या घरातले. ते सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील.

२०२१ च्या जुलैत ‘सुल्ली डील्स’ आणि १ जानेवारी २०२२ रोजी ‘बुल्ली बाई’ नावाची अ‍ॅप्स निघाली. मुस्लिम मुलींचे आणि बायांचे फोटो त्यांच्याच उघड्या प्रोफाइलवरून उचलून तिथे त्यांचा ‘लिलाव’ मांडला होता. पत्रकार, वकील, वैमानिक, कार्यकर्त्या, अगदी वयस्कर मातांनाही सोडले नव्हते. दुसऱ्या वेळी शंभरहून अधिक जणी होत्या. मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवून तरुण पोरांना वेगवेगळ्या राज्यांतून पकडले. पकडलेली पोरे विशी-बाविशीच्या आसपासची, शिकणारी. ही बातमी वाचून माझ्या हातातला चहा गार झाला, कारण माझी थोरली मुलगी तेव्हा नाशिकला नर्सिंग शिकत होती आणि तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, इन्स्टाग्रामवर तिचा हसरा फोटो होता.

त्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या घराघरांत एकच ठराव झाला : पोरींचे फोटो काढून टाका. काही घरांत फोनच काढून घेतले. आमच्याही घरी मेहुणे आले आणि म्हणाले, “आता तरी शहाणे व्हा, मुलीला माघारी बोलवा.” मुलीने फोनवर सगळे ऐकून घेतले आणि मला म्हणाली, “अब्बा, फोटो त्यांनी चोरले आणि तोंड आम्ही लपवायचं?” मला उत्तर सुचले नाही. तिने फोटो काढला नाही. कोण पाहू शकेल त्याचे कुलूप मात्र स्वतः लावले, मैत्रिणींनाही शिकवले. भीतीने दार बंद करणे वेगळे आणि आपल्या हाताने कडी लावणे वेगळे, हे मला तिच्याकडून कळले.

यानंतर धाकट्या मुलाला कंठ फुटला. बहीण सुट्टीत आली की तिचा फोन तपासायचा, पॅटर्न मागायचा. ‘भाऊ म्हणून माझा हक्क आहे’, असे त्याचे म्हणणे. मी त्याला म्हणालो, “आधी तुझा फोन उघडून तिच्या हातात दे. मग तिचा माग.” तो उठून बाहेर गेला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. पाळत ठेवू नका, ही ताकीद शेजाऱ्यासाठी आहे तशी भावासाठीही आहे, बापासाठीही आहे. आपल्या समाजात पडद्यावर खूप चर्चा होते. ती बहुतेक बाईने काय झाकावे यावर होते. पुरुषाने काय पाहू नये, काय उघडू नये, यावर तितकी का होत नाही? बाहेरच्या टोळक्याने मुलीचा फोटो चोरला तर आपण मोर्चा काढतो. घरातल्या माणसाने तिच्या मैत्रिणीचे पत्र वाचावे तसे तिचे मेसेज वाचले, तर त्याला काळजी म्हणतो. मुलीच्या दृष्टीने दोन्हीकडे तिला न विचारताच कुणी तरी आत शिरलेले असते.

फोन आपल्याविषयी सगळे काही जगाला सांगतो, पण आपल्याला दाराशी उभ्या माणसाविषयी खरे सांगत नाही, हेही आमच्या जिल्ह्याने भोगले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला ठार मारले. टाळेबंदीचे दिवस होते आणि चोर फिरतात, मुले पळवणारे फिरतात, अशा अफवा त्या पट्ट्यात पसरल्या होत्या. त्यानंतर काही तासांतच या घटनेला धर्माचा रंग देणारे मेसेज सुरू झाले. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही हे सांगावे लागले. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. दुकान बंद, घरात आम्ही, आणि फोनवर आमच्याविषयी कुठले तरी अनोळखी लोक लिहीत होते. यादी जाहीर झाल्यावर ज्यांनी मेसेज पाठवले होते त्यांतल्या एकाने तरी ‘चुकलो’ असे पुढे पाठवले का? माझ्या फोनवर तरी आले नाही.

कायदा आता झाला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. मुख्य बंधने दीड वर्षाची मुदत देऊन टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहेत. माहिती घेण्यापूर्वी ती कशासाठी हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी, दिलेली संमती परत घेता यावी, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी, असे त्यात आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी कुठल्याही भाषेत मागता येईल. म्हणजे मराठीत मिळेल, उर्दूतही मिळेल. वारली, कोकणा, कातकरी बोलणाऱ्या आजीला तिच्या बोलीत मिळणार नाही. शिवाय सरकारी लाभ, अनुदाने, दाखले यांच्या बाबतीत कायद्याने सरकारला संमतीच्या अटीतून बरीच सवलत ठेवली आहे. आमच्या पाड्यांवरच्या माणसाची बहुतेक माहिती जाते ती याच दाराने.

म्हणून कायदा येईल तेव्हा येवो, आपल्या हातात आहे तेवढे आपण करावे, असे मी ठरवले. दुकानात आधारची जास्तीची झेरॉक्स निघाली की ती गिऱ्हाइकाच्या हातात देतो, नको असेल तर त्याच्यासमोर फाडतो. एकदा बसस्टँडवर भजी घेतली तर कागदावर कुणाच्या तरी आधारचे नाव, पत्ता, फोटो होता. तेलाने तो चेहरा पारदर्शक झाला होता. तो कागद मी घडी करून खिशात घातला आणि घरी येऊन चुलीत टाकला. संगणकात स्कॅन केलेली कागदपत्रे संध्याकाळी दुकान बंद करताना पुसतो. जिथे चालते तिथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढून देतो. अंगठ्याने पैसे काढण्याची भीती वाटते त्यांना बोटांचे ठसे आधारच्या अ‍ॅपमध्ये कुलूपबंद करता येतात हे दाखवतो. रेशनच्या दिवशी ते कुलूप तात्पुरते उघडावे लागते, म्हणून ती तारीख मी वहीत लिहून ठेवतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे संचार साथीवर पाहता येते, तेही सांगतो. एकाच्या नावावर त्याला माहीत नसलेली तीन सिमे निघाली, ती बंद करून घेतली.

दुकानावर काम शिकायला येणाऱ्या दोन पोरांना मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. गिऱ्हाइकाचा फोन हातात आला की तेवढेच उघडायचे जेवढे काम आहे. फोटो उघडायचे नाहीत, मेसेज वाचायचे नाहीत, नंबर उतरवून घ्यायचा नाही. त्यातला एक वारली पाड्यावरचा आहे. ओटीपी म्हणजे काय हे त्याने आपल्या बोलीत बायांना समजावण्याची चांगली रीत काढली आहे. तो म्हणतो, ‘ही तुमच्या कणगीची किल्ली. धान्य काढायचं तेव्हाच हातात घ्यायची.’ बायांना ते चटकन पटते. मोखाड्याच्या त्या आजी मधूनमधून येतात. अंगठा लावण्याआधी आता त्या मशीनकडे बोट दाखवून विचारतात, “कशाला लागतो?” तो पोरगा काम थांबवून त्यांना सांगतो. रांग खोळंबते, मागची माणसे कुरकुरतात. मी त्यांना कुरकुरू देतो.